टायटॅनियम इम्प्लांटची झीज: या चुका टाळा

पुण्यात मेटलर्जी शिकणाऱ्यांचा हात स्टीलवर बसलेला असतो. प्रोजेक्टला टायटॅनियम आलं की बहुतेक चुका तिथूनच होतात.

मुळात भाग कुठला ते आधी ठरवा. टायटॅनियम-६ अॅल्युमिनियम-४ व्हॅनेडियम खुब्याच्या स्टेमसाठी, म्हणजे मांडीच्या हाडात बसणाऱ्या दांड्यासाठी, उत्तम. ते गंजत नाही, हाड त्याला धरतं आणि त्याची ताठरता सुमारे ११० गिगापास्कल, म्हणजे स्टीलच्या जवळपास निम्मी. पण सांध्यात घासणाऱ्या चेंडूसाठी ते तसंच वापरू नका. त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो. घासताना तो फुटतो, पुन्हा तयार होतो, पुन्हा फुटतो, आणि सुटलेले कण मध्ये अडकून पृष्ठभाग आणखी ओरबाडतात. १९७० आणि ८०च्या दशकांत असे चेंडू बसवलेल्या काही रुग्णांच्या सांध्याभोवतीचं मांस या कणांनी काळं पडलेलं आढळलं. चेंडू कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा घेतात तो यासाठीच.

मग नायट्रायडिंग, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून तो कडक करणं. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना गाड्यांच्या स्टीलची सवय. तुमचा जॉब त्याच बॅचमध्ये अमोनियात ५००-५५० अंशांना गेला, तर कामाचा थर बसत नाही, उलट हायड्रोजन शिरून धातू ठिसूळ होण्याची भीती. शुद्ध नायट्रोजनचं प्लाझ्मा नायट्रायडिंग, तेही साधारण ७०० ते ९०० अंशांत, असं चलनावर स्पष्ट लिहून द्या. साधारण ९९५ अंशांच्या वर गेलात तर धातूचे दाणे वाढतात आणि थकवा-बळ, म्हणजे वारंवार येणारा भार सोसण्याची ताकद, घटतं. जॉब सोनेरी होऊन आला म्हणून खूश होऊ नका, पातळ ऑक्साइडनंही तोच रंग येतो. एक सॅम्पल आडवं कापा, पॉलिश करा आणि कडेपासून आत मायक्रोहार्डनेस (बारीक ठशानं मोजलेला कडकपणा) घेत जा. नुसता दोन-तीन मायक्रॉनचा कडक लेप मऊ धातूवर चढवलात, तर भाराखाली तो अंड्याच्या कवचासारखा तडकतो, आणि ते तुकडे सांध्यात फार वाईट.

चाचणी कोरडी किंवा नुसत्या सलाइनमध्ये उरकू नका. सांध्यातल्या द्रवात प्रथिनं असतात. खुब्याच्या सिम्युलेटरसाठी (सांध्याची हालचाल करून झीज मोजणारं यंत्र) आयएसओ १४२४२ हे मानक वासराचं सीरम मागतं, लिटरला ३० ग्रॅम प्रथिनं, ३७ अंश तापमान.

नमुन्यावर अॅल्युमिनाची, म्हणजे सिरॅमिकची, गोळी घासून काढलेला घर्षणाचा आलेख करवतीच्या दातांसारखा येतोय? अॅल्युमिनाची गोळी पुसण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली धरा. तिच्यावर चंदेरी डाग दिसला तर टायटॅनियम तिला चिकटलंय. तिथून पुढे टायटॅनियमवर टायटॅनियमच घासत होतं, ते आकडे अॅल्युमिनाच्या नावावर लिहू नका.

आणि मिलिग्रॅमची तुलना मिलिग्रॅमशी तर नकोच. या टायटॅनियमची घनता घनसेंटिमीटरला ४.४३ ग्रॅम, कोबाल्ट-क्रोमची सुमारे ८.३. दोघांचं एक-एक मिलिग्रॅम गेलं, तर टायटॅनियमचं ०.२३ घनमिलिमीटर गेलं आणि कोबाल्ट-क्रोमचं ०.१२. शिवाय कडेला चिकटलेला चुरा वजनात लपतो, तेव्हा झिजेच्या खाचेवरून तिची खोली मोजणारा प्रोफाइलोमीटरही फिरवाच.