जमीन विकसित करताय? सल्ला घेताना या चुका टाळा

आमच्या ऑफिसात येणारे बरेच जण इसार पावती हातात घेऊनच येतात. जागा पाहिली, आवडली, दलाल म्हणाला ‘दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे’, म्हणून पैसे देऊन मोकळे झाले. आता विचारतात, ‘इथे किती मजले निघतील तेवढं सांगा.’ हा प्रश्न पंधरा दिवस आधी यायला हवा होता, आणि तोही उलटा करून: इथे काय होणार नाही?

मी एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात परवानगीच्या फाइली सांभाळते. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या, पण मुंबईबाहेरच्या जमिनींबद्दल आहे. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी. उरलेल्या बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बोलताना सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात.

इसार आधी, सल्ला नंतर

एका गृहस्थांनी शहराच्या हद्दीलगत वीस गुंठे घेतले. सातबारा स्वच्छ, रस्त्याला लागून, शेजारी बंगले उठलेले. बंगल्यांची एक ओळ टाकायची असा बेत होता. भाग नकाशा काढला तर विकास योजनेतला १८ मीटरचा रस्ता जागेतून तिरपा जात होता, साधारण ४५ मीटर लांबीने. म्हणजे ८१० चौरस मीटर, ढोबळमानाने आठ गुंठे. उरलेल्या बारा गुंठ्यांचे दोन तिकोनी तुकडे झाले. रस्त्याच्या जागेच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळू शकतो, हे खरं. पण टीडीआरवर बंगल्यांची ओळ बसत नाही.

हे कळायला दोनच कागद लागले असते, झोन दाखला आणि भाग नकाशा. महापालिकेत, नगरपरिषदेत किंवा नगररचना कार्यालयात गट क्रमांक देऊन अर्ज केला की मिळतात. जागा निवासी विभागात आहे की शेती विभागात, त्यावर सार्वजनिक कामासाठी आरक्षण आहे का, नियोजित रस्ता जातो का, हे त्यावरून समजतं. सातबारा यातलं काहीच सांगत नाही. तो महसुलाचा कागद आहे.

मालक थांबायला तयार नसेल आणि इसार द्यावाच लागत असेल, तर पावतीवर अट लिहून घ्या: ‘झोन दाखला, भाग नकाशा व हद्द कायम मोजणी यांत आरक्षण, नियोजित रस्ता किंवा क्षेत्रातील घट आढळल्यास खरेदीदारास व्यवहार रद्द करण्याचा हक्क राहील व इसाराची पूर्ण रक्कम परत मिळेल.’ वकिलाकडून भाषा नीट करून घ्या. या अटीवर जो मालक बिथरतो त्याला बहुधा काहीतरी माहीत असतं. मोजणीला तातडीची फी भरली तरी वेळ जातो, म्हणून मुदत धरताना तेवढे दिवस जमेस धरा.

फाइल फिरवणारा म्हणजे सल्लागार नव्हे

‘वास्तुविशारद’ या नावाला १९७२ च्या कायद्याचं संरक्षण आहे. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसलेल्याला ते लावता येत नाही. ‘सल्लागार’ किंवा ‘लायझनिंगवाले’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. त्यात चांगली माणसं नाहीत असं मी म्हणत नाही. कोणत्या टेबलावर फाइल अडली आहे हे त्यांना आमच्या आधी कळतं. पण ‘मंजुरी आणून देतो’ आणि ‘ही जागा घेऊ नका’ ही दोन वेगळी कामं आहेत. ज्याची फी मंजुरी आल्यावरच मिळणार आहे तो दुसरं वाक्य उच्चारत नाही. एकूण बांधकामावर टक्केवारी घेणाराही एफएसआय (जागेच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) सढळ हाताने मोजतो.

म्हणून पहिल्या टप्प्याचे पैसे वेगळे ठरवा. जागा घ्यावी की नाही एवढ्यापुरता लेखी अहवाल मागा आणि पुढचं काम त्याच माणसाला देण्याचं बंधन ठेवू नका. अहवालात एफएसआय कोणत्या नियमाने धरला, समोरचा रस्ता किती रुंद धरला, प्रीमियम (जादा एफएसआयसाठी भरायची रक्कम) आणि टीडीआर विकत घ्यायला लागले तर किती, कोणकोणत्या ना हरकती लागतील आणि हे सगळं कोणत्या तारखेच्या नियमांवर आधारलेलं आहे, हे आलं पाहिजे. तारखेचा आग्रह उगाच नाही. बिगरशेतीचंच, म्हणजे एनएचंच, घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ४२-ब, ४२-क आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी ४२-ड, अशा दुरुस्त्या काही वर्षांत एकामागून एक आल्या. पाच वर्षांपूर्वी एका फाइलीत चाललेली वाट आज चालेलच असं नाही. ‘मागच्या वेळी असंच केलं होतं’ हा सल्ला नव्हे.

आणि ‘एनए झालंय’ म्हणजे बांधकाम परवानगी झाली असं नाही, हे अजूनही दर महिन्याला कुणाला तरी सांगावं लागतं. एनए जमिनीच्या वापरापुरतं असतं. कुठे, किती आणि किती उंच बांधायचं हे नियोजन प्राधिकरण ठरवतं.

वकील एकीकडे, आर्किटेक्ट दुसरीकडे

सगळ्यात महाग चूक बहुधा इथेच होते, कारण यात कुणीच चुकलेलं नसतं. वकिलाने तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, घेतला, मालकी साफ आहे असं लिहून दिलं. आर्किटेक्टने नकाशे काढले. फाइल गेल्यावर कळलं की जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे, म्हणजे हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि शासनाला नजराण्याची रक्कम भरावी लागणार. वकिलाच्या अहवालात ते बाराव्या पानावर होतं. आर्किटेक्टने तो अहवाल मागितलाच नव्हता, आणि मालकाने शेवटच्या पानावरचा ‘साफ’ हा शब्द वाचून कपाटात ठेवला होता.

कूळकायद्याखाली मिळालेल्या, इनाम किंवा वतनातल्या, पुनर्वसनातल्या जमिनींचंही असंच. जुन्या फेरफारात एका ओळीत शर्त लिहिलेली असते. वकील, आर्किटेक्ट आणि मोजणी करून देणारा यांना एकदा तरी एका टेबलाशी बसवा. तासाभराचं काम आहे. प्रत्येकाने आपापल्या कागदातली अडचण दुसऱ्यासमोर मोठ्याने सांगायची, बस.

मोजणीची क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, या बैठकीत हवीच. भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी न करता मोबाइलवरच्या नकाशावर बोटाने रेघ ओढून आराखडा करणारे आहेत. सातबाऱ्यावर वीस गुंठे, मालकीच्या कागदात वीस, पण मोजणीत अठराच भरले, तर एफएसआय अठरावर मोजतात. जे क्षेत्र सर्वांत कमी तेच धरायचं असा नियम आहे. दोन गुंठे शेजाऱ्याच्या कुंपणात असतील तर ते भांडण तुमचं, परवानगी देणाऱ्याचं नाही.

रस्ता आहे, पण कसला?

‘रस्ता आहे ना’ या वाक्यावर मी चार प्रश्न विचारते. कुणाच्या नावावर? किती रुंद? विकास योजनेत दाखवलेला की मंजूर लेआउटमधला? की नुसती वहिवाट? बांधावरून बैलगाडी जायची म्हणून तहसीलदारांनी शेतीसाठी दिलेली वाट आणि इमारतीसाठी चालणारा पोहोच रस्ता यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिवाय गावठाणासारखा दाट वस्तीचा भाग सोडला, तर समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असताना मूळ १.१० एफएसआयवर प्रीमियम किंवा टीडीआर चढवता येत नाही. जाहिरातीतले मोठे आकडे १२, १८, २४ मीटरच्या रस्त्यांवरचे असतात. सहा मीटरच्या गल्लीतल्या जागेला ते लावून कुणी हिशोब मांडला असेल, तर त्याने नियमावली उघडलेली नाही किंवा तुम्ही उघडणार नाही असं त्याने धरलं आहे.

लेआउट टाकणाऱ्यांनी आणखी एक वजाबाकी करावी. क्षेत्र ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, अंतर्गत रस्ते वेगळे. एकूण क्षेत्र भागिले प्लॉटचं क्षेत्र, असा सरळ भागाकार करून विक्रीचा आकडा काढणारे कमी नाहीत.

जागेवर उभं राहून दिसत नाहीत अशा रेषाही असतात. नदीजवळ असाल तर निळी आणि लाल पूररेषा पाहा. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम जवळजवळ विसरा. दोन्हींच्या मध्ये अटींसह होतं. किनाऱ्याला सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र), महाबळेश्वर-पाचगणी किंवा माथेरानजवळ पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, लष्करी दारूगोळा आगाराभोवती प्रतिबंधित पट्टा, विमानतळाभोवती उंचीची मर्यादा, डोक्यावर हाय टेन्शन तारा. सल्लागाराने यातलं काय तपासलं आणि काय नाही, ते अहवालात लिहून घ्या.

गाडं अडलं असेल तर

प्रस्तावातल्या उणिवा कळवणारं त्रुटीपत्र आलं की लोक घाबरतात किंवा सोडून देतात. ते पत्र म्हणजे नकार नाही. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन उत्तर द्या आणि पोच घ्या. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत निर्णय न झाल्यास परवानगी मानीव समजण्याची तरतूद आहे. पण तुमचं शेवटचं उत्तर पोचल्यापासून दिवस मोजले जातात, आणि प्रस्ताव नियमात बसत असेल तरच ती लागू होते. ‘साठ दिवस झाले, खोदा’ असा सल्ला देणाऱ्याला तेच लेखी मागून पाहा.

खरोखर नामंजुरी आली तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं, निर्णय कळल्यापासून ४० दिवसांत. यातले वीसेक दिवस ‘साहेबांना भेटून बघू’ यात जातात. भेटायला हरकत नाही, पण अपिलाचा मसुदा त्याच आठवड्यात सुरू झालेला असू द्या.

आरक्षणाच्या बाबतीत ‘रिझर्व्हेशन उठवून देतो’ असं कुणी म्हटलं तर कलम विचारा. कलम १२७ ची वाट अशी: अंतिम विकास योजना लागू होऊन १० वर्षं झाली, जमीन संपादित झाली नाही, मग मालकाने नोटीस द्यायची आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. कलम ३७ खालचा फेरबदल ही वेगळी प्रक्रिया, त्यात हरकती-सूचना आणि शासनाची मंजुरी येते. दोन्हींना लागणारा काळ आणि खर्च वेगळा आहे. ज्याला यातली आपली वाट कोणती तेच सांगता येत नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

परवानगीशिवाय काही बांधून झालं असेल आणि कलम ५३ ची नोटीस आली असेल, तर नोटिशीतल्या मुदतीच्या आतच बांधकाम कायम ठेवण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. तो टिकेल की नाही हे बांधकाम नियमात बसतं का यावर ठरतं, म्हणून आधी प्रत्यक्ष झालेल्या कामाचं मोजमाप घ्या आणि जेवढं बसत नाही तेवढं स्वतःहून काढायची तयारी ठेवा. ‘दंड भरला की सगळं नियमित होतं’ हा गैरसमज मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतो.

परवानगी हातात आली तरी मुदत पाहा. वर्षभरात काम सुरू झालं नाही तर ती वाढवून घ्यावी लागते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील, तर महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी होईपर्यंत फलकही लावू नका, बुकिंग तर दूरच. प्लॉट विकणाऱ्यांना हे लागू नाही असं दलाल सांगतात. लेआउटमधल्या प्लॉटच्या विक्रीलाही ते लागू आहे.