खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी दगड घेताय? या चुका टाळा

लातुरात राहून घरात समुद्र मांडायचा म्हणल्यावर लोक आधी हसतात. २०१६ ला इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती अन हा गडी चांगल्या आरओच्या पाण्यात मीठ कालवत बसलाय. हसू द्या. माझी टाकी १०० लिटरची आहे, आणि पहिल्या वर्षी जे मासे गेले ते सगळे माझ्या दगडाच्या निवडीमुळं गेले.

खाऱ्या टाकीत दगड म्हणजे शोपीस नाही, फिल्टरच आहे तो. माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट अन पुढं नायट्रेट करतात, आणि हे बॅक्टेरिया राहतात दगडाच्या बारीक छिद्रांत, त्यातही आत जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथले तर नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. म्हणून रंग-आकार नंतर, आधी छिद्रं बघा.

आता सगळ्यात कॉमन चूक, फुकटचा दगड. आपल्याकडं दगडाला काय तोटा, बांधावर ढीग पडलेत. पण आपला काळा पाषाण, ज्यात वेरूळ कोरलंय तोच, लई घट्ट असतो. त्यानं लगेच काही विष कालवलं जात नाही, पण बॅक्टेरियाला आत शिरायला जागाच नाही, अन ज्याच्यात पोकळ्या दिसतात त्यातल्या बऱ्याच पांढऱ्या खनिजांनी बुजलेल्या असतात. गोदावरीतल्या गुळगुळीत गोट्यांचं पण तेच. गंजाच्या रेघा किंवा धातूची चमक दिसली तर हात पण लावू नका, तांबं जरासं जरी उतरलं तरी झिंगे अन कोरल (प्रवाळ) टिकत नाहीत.

मग कुणीतरी सांगतं, व्हिनेगर टाकून बघ, फेस आला की दगड चांगला. अर्धंच खरंय. फेस आला म्हणजे त्यात कॅल्शियम कार्बोनेट आहे, जे गोड्या पाण्यात पाणी जड करतं म्हणून नको असतं अन खाऱ्यात चालतं. पण शहाबादी फरशीचा तुकडा पण मस्त फेस देतो, चुनखडकच तो! मी टाकला होता, दोन थर रचून गुहा केली, दिसायला देवळी झाली अन फिल्टर म्हणून शून्य.

कोकणात ट्रिपला गेल्यावर किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून आणू नका. दगड तयार करणारे कोरल २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, उचलणं गुन्हा आहे. दुकानदार लाईव्ह रॉक, म्हणजे समुद्रातला जिवंत बॅक्टेरिया-जीव बसलेला दगड, देत असेल तर आला कुठून ते विचारा, नीट सांगत नसेल तर राहू द्या.

माझी मोठी माती लाईव्ह रॉकनंच केली. मे महिना, ट्रॅव्हल्सच्या डिकीत रात्रभर ओल्या पेपरात गुंडाळलेला माल, सकाळी पार्सल उघडलं तर सडक्या अंड्याचा वास. चांगल्या दगडाला समुद्राचा वास येतो, हा आतून मेलेला होता. मला वाटलं पाण्यात गेल्यावर सुधरेल. तिसऱ्या दिवशी अमोनिया वर अन क्लाऊनफिशची जोडी गेली. असा दगड वेगळ्या टबात, खाऱ्या पाण्यात, पंप लावून ठेवायचा, मेलेलं ब्रशनं काढायचं, पाणी बदलत राहायचं, अमोनिया शून्य येईपर्यंत.

आणि किडे मारायला दगड उकळू तर अजिबात नका!! दगडाला चिकटलेल्या काही झोअँथिड जातीच्या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, त्याच्या वाफेनं घरातली माणसं दवाखान्यात गेल्याच्या केसेस झाल्यात.

रचताना पण चुकतं. आधी वाळू अन वर दगड ठेवला तर खालून उकरणारे मासे पाया मोकळा करतात अन ढीग काचेवर येतो. दगड थेट तळाला टेकवा, वाळू नंतर, सांधे जेलवाल्या सुपरग्लूनं किंवा इपॉक्सीनं. मागच्या काचेला चिकटवू नका, तिथं पाणी फिरलं नाही की घाण साचते.

आता मी कोरडा सच्छिद्र दगड वापरतो. १०० लिटरला १०-१२ किलो बास झाला. पण त्यातून फॉस्फेट उतरू शकतं, अन मग दोन महिन्यांनी दगडावर हिरवे केस (शेवाळ) उगवले की आपण लाईटला शिव्या देतो. आधी बादलीत दोन-तीन आठवडे बुडवून फॉस्फेट तपासा, वाढत असेल तर पाणी बदला अन परत तेच. सुरुवातीची तपकिरी साय मात्र बहुतेक आपोआप जाते, तिला घाबरू नका.

बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा नाही. आमच्या आईनं पाचव्या आठवड्यात टाकीत वाकून बघितलं अन म्हणाली, "आरं, एवढी लाईट जाळून दगडंच पाळलीस व्हय?"