स्लो कुकरमध्ये सालीसकट बेक्ड बटाटे कसे करावेत

ओव्हन न लावता, सालीसकट आणि आतून मऊ, भुसभुशीत असा अख्खा बटाटा शिजवायचा असेल तर स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्तास अन्न शिजवणारे विजेचे भांडे, हे उत्तम साधन आहे. मात्र त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. ओव्हनमधली हवा साधारण 200 अंश सेल्सिअस तापमानाची आणि कोरडी असते, त्यामुळे बटाट्याची साल वाळते, तांबूस होते आणि कुरकुरीत बनते. स्लो कुकर झाकणबंद असतो, त्यातले तापमान 100 अंशांच्या जरा खालीच स्थिरावते आणि बटाट्याच्या वजनाचा जवळजवळ चार पंचमांश भाग पाणीच असल्यामुळे त्यातून निघालेली वाफ आतच कोंडून राहते. म्हणजे येथे बटाटा खऱ्या अर्थाने भाजला जात नाही, तर स्वतःच्याच ओलाव्यात अतिशय सावकाश वाफवला जातो. हा ओलावा कुठे जातो आहे याकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत लक्ष ठेवले, तर गर मोकळा राहतो. दुर्लक्ष केले, तर बटाटा ओलसर आणि चिकट लागतो. पुढच्या बहुतेक सूचनांमागे हेच कारण आहे.

आपल्या स्लो कुकरची माहितीपुस्तिका एकदा वाचून घ्यावी. या उपकरणाची मूळ कल्पनाच घेवड्याच्या दाण्यांसारखे पदार्थ पाण्यात तासन्तास शिजवण्याची होती. अमेरिकी संशोधक आयर्विंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले आणि 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते बाजारात आले. त्यामुळे काही उत्पादक आतले भांडे पूर्ण कोरडे तापवू नये असे स्पष्ट सांगतात. तशी सूचना असेल तर तळाशी दोन-तीन मोठे चमचे पाणी घालावे आणि बटाटे त्या पाण्याला टेकणार नाहीत अशा बेताने उंचावर ठेवावेत. तशी अट नसेल तर पाण्याचा एक थेंबही घालू नये.

बटाट्याची निवड

या पद्धतीत निम्मे यश बटाट्याच्या जातीवर अवलंबून असते. जास्त स्टार्च असलेले पिठूळ बटाटे शिजल्यावर फुलतात आणि काट्याने सहज मोकळे होतात. रसेट, मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड या जाती अशा आहेत. पातळ, गुळगुळीत सालीचे मेणचट बटाटे शिजूनही घट्ट राहतात. ते सॅलडसाठी चांगले असतात, पण येथे निराशा करतात. जात माहीत नसेल तर एक सोपी परीक्षा करता येते. एक कप मिठाला अकरा कप पाणी या मापाने द्रावण करावे आणि त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा अधिक घन असल्याने तळाशी जातो आणि मेणचट बटाटा तरंगतो. परीक्षा झाल्यावर बटाटा स्वच्छ धुऊन घ्यावा.

सगळे बटाटे शक्यतो एकाच आकाराचे, प्रत्येकी 200 ते 250 ग्रॅम वजनाचे घ्यावेत. लहान-मोठे एकत्र ठेवले तर लहान बटाटे फुटायला येतात तेव्हाही मोठ्यांचा मधला भाग कच्चाच असतो, आणि सारखे झाकण उघडून एकेक बाहेर काढणे या उपकरणात परवडत नाही. कोंब लांब आलेले किंवा सालीवर हिरवी छटा असलेले बटाटे वापरू नयेत. हिरवेपणा हे सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये वाढल्याचे लक्षण असते आणि ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. येथे साल खाल्ली जाणार असल्यामुळे ही काळजी नेहमीपेक्षा जास्त घ्यावी. कच्चे बटाटे फ्रिजमध्ये न ठेवता थंड, अंधाऱ्या आणि हवेशीर जागी ठेवावेत, कारण फ्रिजच्या थंडीत त्यांतल्या स्टार्चची साखर होऊ लागते आणि गराला नकोसा गोडसरपणा येतो.

धुणे, वाळवणे आणि तेल लावणे

वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून सालीच्या खाचांमधली माती पूर्ण काढावी. त्यानंतर बटाटे कोरड्या कापडाने पुसावेत आणि वेळ असेल तर अर्धा तास उघड्यावर पसरून ठेवावेत. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण सालीवर राहिलेले पाणी कुकरमध्ये बाहेर जाऊ शकत नाही. ते वाफ होऊन झाकणाला लागते आणि पुन्हा बटाट्यांवरच ठिबकते.

काट्याने प्रत्येक बटाट्याला सहा-आठ ठिकाणी टोचावे. स्लो कुकरमध्ये तापमान इतक्या हळू वाढते की बटाटा फुटण्याची भीती मायक्रोवेव्हइतकी नसते, तरीही आतल्या वाफेला वाट मिळणे गर कोरडा राहण्यासाठी उपयोगीच आहे. मग प्रत्येक बटाट्याला अर्धा लहान चमचा तेल हाताने चोळावे आणि वर थोडे जाडे मीठ लावावे. तेलामुळे साल चामट होत नाही. मीठ मुख्यतः चवीसाठी आहे, ते गरात फारसे शिरत नाही. म्हणून बटाटा उघडल्यावर आत वेगळे मीठ घालावेच लागते.

रचना

चिनी मातीच्या भांड्याच्या तळाशी अॅल्युमिनियम फॉइलचे लिंबाएवढे पाच-सहा चेंडू करून ठेवावेत किंवा भांड्यात बसणारी एखादी जाळी ठेवावी, आणि त्यावर बटाटे मांडावेत. त्यामुळे खाली जमणारे पाणी बटाट्यांना लागत नाही आणि तळाशी टेकलेल्या जागी साल काळपट होत नाही. एकच थर असेल तर उत्तम. पाच-सहा लिटरच्या कुकरमध्ये सहा ते आठ बटाटे दोन थरांत बसतात, मात्र भांडे दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. बहुतेक कुकरमध्ये उष्णता बाजूंनी येते, म्हणून त्यातल्या त्यात मोठे बटाटे कडेला आणि लहान मध्यभागी ठेवावेत.

झाकणाच्या आतल्या बाजूने स्वच्छ, जाड सुती कापड किंवा कागदी टॉवेलची दुहेरी घडी ताणून बसवली, तर ती झाकणावर जमणारे पाणी शोषून घेते. माझ्या मते पूर्ण कृतीत सर्वांत जास्त फरक या साध्या उपायाने पडतो. कापडाची टोके झाकणावर उलटी दुमडून घट्ट बांधावीत, ती कुकरच्या गरम बाजूंवर लोंबता कामा नयेत, आणि घरात कोणी नसताना कुकर चालू ठेवायचा असेल तर कापडाचा हा उपाय टाळावा. कापडाशिवायही बटाटे चांगले शिजतात, फक्त साल जरा जास्त ओली राहते.

आच आणि वेळ

‘हाय’वर मध्यम बटाट्यांना 4 ते 5 तास आणि ‘लो’वर 7 ते 8 तास लागतात. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही आचा शेवटी जवळपास त्याच तापमानाला पोहोचतात. फरक तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा असतो, आणि बटाट्याच्या बाबतीत हा फरक मोलाचा ठरतो. बटाट्याचा गर बराच काळ साधारण 55 ते 70 अंशांच्या दरम्यान रेंगाळला, तर त्यातले एक विकर (एन्झाइम) पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनमध्ये असा बदल घडवते की गरातले कॅल्शियम त्याला घट्ट बांधून टाकते. असा बटाटा पुढे कितीही तापवला तरी पूर्ण मऊ पडत नाही. आठ तास ठेवूनही बटाटे मध्यभागी कडक राहिले, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, त्याचे एक कारण हे असू शकते. कुकर गच्च भरलेला असला किंवा बटाटे थेट फ्रिजमधून काढून ठेवले असले तर तशी शक्यता वाढते. म्हणून दिवसभर ‘लो’वर ठेवायचे असले तरी पहिला तास ‘हाय’वर चालवून मग आच कमी करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यामुळे गर त्या मधल्या टप्प्यातून लवकर पुढे सरकतो आणि एकूण वेळही थोडा कमी होतो.

शिजत असताना झाकण उघडू नये. एकदा झाकण उघडले की कोंडलेली उष्णता निघून जाते आणि ती भरून निघायला 20 ते 30 मिनिटे लागू शकतात. पहिली तपासणी ‘हाय’वर चौथ्या तासाला आणि ‘लो’वर सातव्या तासाला करावी. सर्वांत मोठ्या बटाट्यात पातळ सुरी खुपसून पाहावी. ती मध्यापर्यंत अडथळ्याशिवाय गेली पाहिजे. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी 96 ते 99 अंश तापमान दिसणे ही खात्रीची खूण आहे. झाकण काढताना ते बटाट्यांवर न तिरपवता सरळ वर उचलून बाजूला न्यावे, म्हणजे त्यावरचे पाणी आत सांडत नाही. वाफेपासून हात आणि चेहरा दूर ठेवावा.

बाहेर काढल्यावर

शिजलेले बटाटे कुकरमध्ये तसेच पडू देऊ नयेत. चिमट्याने काढून लगेच प्रत्येकावर उभा-आडवा छेद द्यावा आणि कापडाने धरून दोन्ही टोकांकडून आत दाबावे. गर वर फुलून येतो आणि साठलेली वाफ एकदम बाहेर पडते. छेद द्यायला उशीर झाला तर हीच वाफ आत थंड होऊन पुन्हा पाणी बनते आणि भुसभुशीत झालेला गर दाटून येतो. दोन मिनिटे वाफ जाऊ द्यावी, काट्याने गर सैल करावा, आणि मग लोणी, मीठ, मिरी, किसलेले चीज किंवा घट्ट दही घालावे. लोणी आधी आणि थंड पदार्थ शेवटी, हा क्रम पाळला तर गर गरम राहतो.

साल कुरकुरीतच हवी असेल तर अखंड बटाटे पुसून, पुन्हा थोडे तेल लावून, 220 अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये 10 ते 15 मिनिटे किंवा एअर फ्रायरमध्ये 200 अंशांवर 5 ते 8 मिनिटे ठेवावेत आणि छेद त्यानंतर द्यावा. पाहुण्यांसाठी करायचे असल्यास हे जास्तीचे काम जरूर करावे. रोजच्या जेवणासाठी मऊ सालीचा बटाटाही तितकाच समाधान देतो.

फॉइलबद्दल सावधगिरी

अनेक कृतींमध्ये प्रत्येक बटाटा फॉइलमध्ये गुंडाळायला सांगतात. फॉइलने साल झाकणावरून ठिबकणाऱ्या पाण्यापासून वाचते हे खरे, पण बटाट्याची स्वतःची वाफ आत अडकते आणि साल अधिकच मऊ पडते. म्हणून मी फॉइल फक्त तळाच्या चेंडूंसाठी वापरावी असे सुचवतो. गुंडाळायचेच असेल तर चकचकीत बाजू आत की बाहेर याने काही फरक पडत नाही.

खरा धोका शिजल्यानंतरचा आहे. मातीतून बटाट्यावर येणाऱ्या ‘क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जिवाणूची बीजाणुरूपे 100 अंशांच्या आसपासच्या उष्णतेत मरत नाहीत. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेला, ओलसर आणि कोमट बटाटा बाहेर पडून राहिला, तर हवा नसलेल्या त्या वातावरणात हे जिवाणू वाढून प्राणघातक विष तयार करू शकतात, आणि वास किंवा चव यांवरून ते ओळखता येईलच असे नाही. 1994 मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या एल पासो शहरात 30 जणांना बोट्युलिझम, म्हणजे या विषामुळे होणारा आजार झाला, तो फॉइलमध्ये भाजून खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या बटाट्यांपासून केलेल्या एका डिपमुळे. त्यामुळे शिजल्यावर फॉइल ताबडतोब काढावी, आणि वाढेपर्यंत बटाटे 60 अंशांहून अधिक गरम राहतील असे पाहावे. कुकरची ‘वॉर्म’ व्यवस्था यासाठी दोन-एक तास वापरता येते, मात्र कुकर बंद करून बटाटे रात्रभर आत ठेवणे पूर्णपणे चुकीचे आहे.

फार वेळ गरम ठेवलेल्या बटाट्याचा गर कधीकधी करडा दिसतो. गरातले लोह आणि क्लोरोजेनिक आम्ल यांच्या संयोगाने हा रंग येतो, तो निरुपद्रवी असतो. भांड्याला चिकटून गडद झालेली साल मात्र कडवट लागली तर काढून टाकावी.

उरलेले बटाटे दोन तासांच्या आत, फॉइलशिवाय, छेद दिलेल्या स्थितीत उथळ डब्यात ठेवून फ्रिजमध्ये घालावेत आणि तीन-चार दिवसांत संपवावेत. पुन्हा गरम करताना मधला भाग किमान 74 अंशांपर्यंत तापला पाहिजे, आणि हे काम ओव्हन किंवा मायक्रोवेव्हमध्ये करावे. स्लो कुकर गार अन्न फार सावकाश तापवतो, त्यामुळे ते जिवाणूंना पोषक अशा तापमानात नको तितका वेळ राहते.