बाटलीवर ‘एमए२’ छापले आहे, पण जबाबदारी कोणाची? दुचाकीचे इंजिन ऑइल घेताना या चुका टाळा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढत होतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज एकाएकी वाढला, आरपीएमचा काटा वर गेला आणि गाडी मात्र होती त्याच वेगाने रेंगाळत राहिली. क्लच घसरत होता. आठच दिवसांपूर्वी मी ऑइल बदलून घेतले होते. नेहमीची बाटली गॅरेजमध्ये शिल्लक नव्हती, म्हणून मेकॅनिकने पुढे केलेली, तोवर नावही न ऐकलेल्या कंपनीची बाटली घेतली आणि तिच्या दर्शनी बाजूवर ‘एपीआय एसएन, जॅसो एमए२’ ही दर्जाची अक्षरे ठसठशीत छापलेली पाहून निश्चिंत झालो. रिकामी बाटली सवयीप्रमाणे घरी आणली होती. ती उजेडात धरून मागचा मजकूर वाचला, तेव्हा बारीक टायपात लिहिलेले दिसले की हे ऑइल त्या दर्जांच्या ‘गरजा पूर्ण करण्याच्या दृष्टीने बनवलेले’ आहे. दोष ऑइलचाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण क्लच प्लेटाही २८,००० किलोमीटर चाललेल्या होत्या. मात्र शंका विचारायची तर कोणाला, याचे उत्तर त्या बाटलीवर कुठेही नव्हते.

अक्षरांनाच प्रमाणपत्र समजण्याची चूक

सर्वांत जास्त लोक फसतात ते इथे. ‘एपीआय एसएन’ ही अक्षरे कोणताही छापखाना छापू शकतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, म्हणजे एपीआयचा, परवाना घेतलेल्या ऑइलवर मात्र एक ठरावीक गोल चिन्ह असते, ज्याला त्याच्या आकारामुळे सगळे ‘डोनट’ म्हणतात. त्याच्या वरच्या कमानीत दर्जाची अक्षरे आणि मधल्या वर्तुळात १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असा घट्टपणाचा आकडा असतो. परवानाधारकांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते.

दुचाकीसाठी याहून महत्त्वाचे आहे ते जपानचे जॅसो टी ९०३ हे मानक. ते १९९८ मध्ये आले, आणि २००६ च्या सुधारणेत एमए या, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असलेल्या जास्त घर्षणाच्या वर्गाचे एमए१ आणि एमए२ असे पोटभाग झाले. नोंदणी झालेल्या ऑइलच्या बाटलीवर एक लहान चौकट असते. तिच्यात वर अक्षर-आकड्यांचा सांकेतिक क्रमांक, मध्ये वर्ग आणि खाली त्या गुणवत्तेची हमी घेणाऱ्या कंपनीचे नाव असते. माझ्या कपाटातल्या जुन्या बाटलीवर ही चौकट टपाल तिकिटाहूनही लहान आहे आणि वाचायला भिंग घ्यावे लागते. ज्या गोष्टीला खरी किंमत आहे तीच इतकी लहान का छापतात, हे कोडे मला सुटलेले नाही.

आता एक बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण चौकट दिसली की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. जॅसोची नोंदणी करणारे जपानमधले मंडळ प्रत्येक ऑइल स्वतः तपासत नाही. कंपनी चाचण्या करते किंवा करून घेते, निकालांच्या आधारे नोंद दाखल करते आणि पुढची जबाबदारी स्वतःकडे ठेवते. म्हणजे त्या चौकटीमुळे तुमच्या हातातल्या बाटलीची परीक्षा झाली असे होत नाही. दाव्याला एक मालक आणि एक क्रमांक मिळतो, इतकेच. उलट बाजूने पाहिले तर चौकट नसलेले प्रत्येक ऑइल भेसळीचे असते असेही नाही. लहान उत्पादकही नामांकित पुरवठादाराकडून रसायनांचे तयार मिश्रण आणून चांगले ऑइल बनवू शकतो आणि नोंदणीचा खर्च वाचवू शकतो. मात्र त्याने तसे केले आहे की नाही, हे काउंटरवर उभे राहून आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून ‘दर्जाशी सुसंगत’, ‘गरजा पूर्ण करते’, ‘अमुक गाड्यांसाठी योग्य’ ही वाक्ये मी केवळ विक्रेत्याचे म्हणणे म्हणून वाचतो.

आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते दिसते.

पुढचे अक्षर म्हणजे वरचा दर्जा असे मानणे

एपीआयची अक्षरे क्रमाने पुढे जातात: एसएल २००१ मध्ये, एसएम २००४ मध्ये, एसएन २०१० मध्ये आणि एसपी २०२० मध्ये आला. त्यामुळे पुस्तिकेत एसएल लिहिले असले, तरी एसपी घातल्याने गाडीचे भलेच होईल असा समज पसरतो. या चाचण्या प्रामुख्याने मोटारींच्या पेट्रोल इंजिनांसाठी आहेत आणि त्यांत ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचची एकही चाचणी नाही. मोटारीचा क्लच ऑइलपासून दूर, कोरडा असतो. आपल्या गिअरच्या बहुतेक दुचाक्यांत तेच लिटरभर ऑइल इंजिनाला, गिअरला आणि क्लच प्लेटांनाही पुरते. डोनटच्या खालच्या कमानीत ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द असतील, तर ते इंधन बचतीसाठी घर्षण कमी केलेले ऑइल आहे. मोटारीला ते उत्तम, पण ओल्या क्लचला नेमके घर्षणच हवे असते. जॅसोच्या मानकात घर्षणाची चाचणी आहे ती याचसाठी, आणि त्याच मानकात फॉस्फरसचे प्रमाण ०.०८ ते ०.१२ टक्के असावे अशीही अट आहे.

एमबी हा वर्ग कमी घर्षणाचा आहे आणि तो कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी योग्य. दुकानदाराने ‘दोन्ही टू-व्हीलरचेच आहे’ म्हणून स्कूटरची बाटली मोटरसायकलमध्ये ओतू दिली, तर अस्सल आणि नोंदणीकृत ऑइलनेही क्लच घसरू शकतो.

‘फुली सिंथेटिक’ या शब्दांवर विसंबणे

हे शब्द जॅसोच्या किंवा एपीआयच्या कोणत्याही वर्गाचे नाव नाहीत. अमेरिकेत १९९९ मध्ये जाहिरातींच्या तंट्यात असा निर्णय झाला की खनिज तेलावर तीव्र प्रक्रिया करून मिळवलेल्या, मूळ तेलांच्या वर्गवारीत तिसऱ्या गटात मोडणाऱ्या तेलालाही ‘सिंथेटिक’ म्हणता येईल. तेव्हापासून या शब्दाची व्याप्ती बरीच सैल झाली आहे. तिसऱ्या गटाचे तेल वाईट असते असे नाही. पण जास्त पैसे केवळ या दोन शब्दांसाठी मोजू नयेत.

बोटांवर ऑइल चोळून त्याची प्रत ठरवणे आणि पाचशे किलोमीटरमध्ये काळे पडले म्हणून त्याला नकली म्हणणे, या दोन्ही सवयी निरुपयोगी आहेत. काजळी धरून ठेवणारे ऑइल काळे पडणारच.

क्लच घसरू लागला तर

आधी ऑइलला दोष देऊ नका. क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळी हालचाल पुस्तिकेत दिली आहे तितकी, बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर, आहे का ते पाहा. केबल गरजेपेक्षा जास्त ताठ असेल तर प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत. हालचाल योग्य असेल, तर मोकळ्या सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पिळून पाहा. आरपीएम वाढला आणि वेग मागे राहिला, तर घसरणे नक्की. हा त्रास ऑइल बदलल्यानंतर लगेच सुरू झाला असेल, तर इंजिन गरम असताना ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला आणि पुस्तिकेतल्या घट्टपणाचे, चौकट असलेले एमए किंवा एमए२ ऑइल भरा. माझ्या गाडीत एका बदलात फरक पडला, पण चढावर थोडे घसरणे राहिलेच. दुसऱ्या बदलानंतरही ते पूर्ण गेले नाही, म्हणून शेवटी प्लेटा बदलाव्या लागल्या.

अस्सल बाटली, आतले ऑइल दुसरेच

चौकट, डोनट, क्रमांक हे सगळे खरे असूनही फसवणूक होऊ शकते, कारण नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत भलतेच ऑइल भरले जाते. झाकणाखालची पन्नी अखंड आहे का, उत्पादनाचा महिना आणि बॅच क्रमांक खरवडून पुन्हा छापलेले नाहीत ना, हे बाटली उघडण्यापूर्वी पाहावे आणि ऑइल आपल्यासमोर ओतून घ्यावे. पक्के बिल आणि लेबलचा फोटो जवळ असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ क्रमांकावर सांगताना काहीतरी हातात असते. रिकामी बाटली मात्र मी आता गॅरेजमध्ये सोडत नाही आणि नुसती घरीही आणत नाही. मेकॅनिककडूनच तिच्या तळाला स्क्रूड्रायव्हरने दोन भोके पाडून घेतो. पहिल्या वेळी तो हसला होता.