आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: सिल्वरलाइट शिकताना या चुका टाळा

सिल्वरलाइट म्हणजे ब्राउझरमध्ये ॲप्लिकेशन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं प्लग-इन. त्यावर आता नवं काही कोणी सुरू करत नाही, आणि करूही नये. मायक्रोसॉफ्टने १२ ऑक्टोबर २०२१ ला त्याचा सपोर्ट बंद केला. तरीही नोकरीला लागल्या लागल्या हातात सिल्वरलाइटचं जुनं ॲप्लिकेशन पडतं, असं आजही होतं. पुण्यात हिंजवडीला किंवा मुंबईत परदेशी ग्राहकांच्या जुन्या प्रणाली सांभाळणाऱ्या टीममध्ये असाल तर याची कल्पना असेल. ज्यांनी ते लिहिलं ते केव्हाच दुसरीकडे गेलेले असतात आणि शेजारी विचारायला कोणी नसतं. ती प्रणाली तशीच सांभाळा किंवा नव्या तंत्रावर न्या, आधी ती नीट समजावीच लागते.

या प्लग-इनमध्ये अडकणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकच होतं. चूक असते सर्व्हरवर आणि माणूस सी शार्पचा कोड चाळत बसतो. चूक असते ब्राउझरच्या कॅशमध्ये आणि माणूस पडद्याची मांडणी सांगणारं झॅमल पुन्हा लिहायला घेतो. कारण सोपं आहे. तुमचा कोड प्लग-इनच्या आत चालतो, प्लग-इन ब्राउझरच्या आत, आणि डेटा येतो तिसऱ्याच ठिकाणाहून. एका थरातली चूक दुसऱ्या थरात पोचेपर्यंत तिचं नाव बदललेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न ‘काय चुकलं’ हा नको, ‘कुठल्या थरात चुकलं’ हा हवा.

आधी यंत्रावरची मांडणी

क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत एनपीएपीआय (ब्राउझरला प्लग-इन जोडण्याची जुनी पद्धत) वापरणारे प्लग-इन पूर्ण काढून टाकले. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीपासून फ्लॅश सोडून बाकीचे बंद केले. एजमध्ये तर सिल्वरलाइट कधी चाललंच नाही. आज उरलाय तो एजमधला आयई मोड, म्हणजे पान जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं चालवण्याची सोय, आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. तेव्हा पान कोरं दिसलं की कोडकडे वळण्याआधी टॅब खरोखर आयई मोडमध्ये आहे का ते बघा. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला इंटरनेट एक्सप्लोररचं छोटं चिन्ह दिसायला हवं.

सिल्वरलाइटचे प्रोजेक्ट उघडणारं शेवटचं व्हिज्युअल स्टुडिओ म्हणजे २०१५ चं. त्याच्यासोबत सिल्वरलाइटचा डेव्हलपर रनटाइम (ॲप्लिकेशन प्रत्यक्ष चालवणारा भाग) टाका, साधा नको. हे बरेच जण विसरतात आणि फार वेळ घालवतात. साध्या रनटाइममध्ये चुकांचं वर्णनच नसतं. ‘डीबगिंग रिसोर्स स्ट्रिंग्ज आर अनअव्हेलेबल’ एवढं सांगून तो मोकळा होतो. डेव्हलपर रनटाइम त्याच चुकीचं पूर्ण वाक्य देतो.

ब्रेकपॉइंटचा लाल ठिपका पोकळ राहिला, कोड तिथे थांबतच नाही, असं झालं तर वेब प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये डीबगर्सखाली सिल्वरलाइटच्या चौकटीत खूण आहे का ते पाहा.

पान उघडतं, ॲप्लिकेशन उघडत नाही

एरर २१०४ आली की झॅप फाइल, म्हणजे सगळं ॲप्लिकेशन बांधलेलं गाठोडं, ब्राउझरपर्यंत पोचलेली नाही असं समजा. कोडशी याचा संबंध नसतो. बहुतेकदा सर्व्हरला झॅप हे एक्स्टेन्शन ठाऊक नसतं. मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर आयआयएस ६ तर न ओळखलेल्या प्रकारची फाइल देतच नाही, सरळ ४०४ पाठवतो. सर्व्हरवर माइम टाइप (फाइल कुठल्या प्रकारची ते सांगणारी नोंद) ‘ॲप्लिकेशन/एक्स-सिल्वरलाइट-ॲप’ असा नोंदवला की काम होतं. झॅपचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकून बघा. फाइल उतरायला लागली तर सर्व्हर ठीक आहे.

याच्या उलट त्रास कॅशचा. तुम्ही बदल केला, बिल्ड केलं, सर्व्हरवर चढवलं आणि समोर तेच जुनं. ब्राउझर आधीची झॅप वापरतोय. पानावरच्या ऑब्जेक्ट टॅगमध्ये सोर्सच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि आवृत्तीचा क्रमांक जोडा, आणि प्रत्येक वेळी चढवताना तो बदला. शंका असेल तर सर्व्हरवरच्या झॅपची एक प्रत घ्या आणि एक्स्टेन्शन झिप करून उघडा. झॅप ही मुळात झिपच आहे. आत ॲपमॅनिफेस्ट आणि तुमच्या डीएलएल फाइल दिसतील. त्या डीएलएलवरची तारीख आजची नसेल तर चूक चढवण्याच्या टप्प्यावर आहे, आणि बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

‘नॉट फाउंड’ म्हणजे सापडलं नाही असं नव्हे

सिल्वरलाइट शिकणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारा संदेश हाच: ‘द रिमोट सर्व्हर रिटर्न्ड ॲन एरर: नॉट फाउंड’. माणूस साहजिकच सर्व्हिसचा पत्ता तपासायला लागतो. पत्ता बरोबर असतो, तरी संदेश जात नाही.

खरी गोष्ट अशी आहे. सिल्वरलाइट डीफॉल्टने ब्राउझरच्या एचटीटीपी यंत्रणेतून कॉल करतं आणि ती यंत्रणा प्लग-इनला अपयशाचा नेमका कोड पोचू देत नाही. सर्व्हरवर अपवाद (एक्सेप्शन) उडून ५०० आला, तरी तुमच्यापर्यंत ‘नॉट फाउंड’च येतं. डब्ल्यूसीएफ (सर्व्हिस लिहिण्यासाठीची मायक्रोसॉफ्टची चौकट) वापरणाऱ्या सर्व्हिसने काय चुकलं ते सांगणारं उत्तर, म्हणजे फॉल्ट, नीट पाठवला तरी त्याच्यासोबत ५०० जातो, आणि तो मजकूर वाटेतच हरवतो.

अशा वेळी अंदाज बांधू नका, ब्राउझर आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणारं फिडलर लावा. त्यात तो कॉल शोधा आणि सर्व्हरने खरंच काय पाठवलं ते उघडून वाचा. ५०० असेल तर आतल्या मजकुरात खरा अपवाद अनेकदा सापडतो. ३०२ येऊन मागोमाग लॉगिनचं पान दिसत असेल तर सेशन संपलंय. आणि उत्तरच आलं नाही, जोडणी मध्येच तुटली, तर बहुतेक वेळा सर्व्हर डेटा पॅक करताना कोलमडलाय.

हा शेवटचा प्रकार जरा जवळून बघण्यासारखा आहे. मेथड सर्व्हरवर बिनचूक चालते, ब्रेकपॉइंट लावला तर शेवटच्या ओळीपर्यंत पोचते, आणि तरीही क्लायंटला ‘नॉट फाउंड’. कारण मेथड संपल्यावर डब्ल्यूसीएफ त्या ऑब्जेक्टचं एक्सएमएलमध्ये रूपांतर करायला घेतं, आणि गडबड तिथे होते. एंटिटी फ्रेमवर्कमधून (डेटाबेसच्या नोंदींचे ऑब्जेक्ट करून देणाऱ्या लायब्ररीतून) आलेला ग्राहक आपल्या ऑर्डरकडे बोट दाखवतो, ऑर्डर पुन्हा त्या ग्राहकाकडे, आणि हे चक्र संपतच नाही. किंवा ऑब्जेक्टची संख्या ‘मॅक्सआयटम्सइनऑब्जेक्टग्राफ’च्या ६५,५३६ या डीफॉल्ट मर्यादेपलीकडे जाते. म्हणूनच चाचणीच्या थोड्या नोंदींवर सगळं सुरळीत चालतं आणि खऱ्या डेटावर बंद पडतं. सर्व्हरच्या वेब.कॉन्फिगमध्ये डब्ल्यूसीएफचं ट्रेसिंग चालू करा, तिथे कारण स्पष्ट शब्दांत लिहिलेलं मिळेल. मर्यादा वाढवण्यापेक्षा पडद्याला लागतात तेवढीच फील्ड असलेला वेगळा क्लास पाठवावा, असं माझं ठाम मत आहे. मर्यादा आज वाढवाल, दोन वर्षांनी पुन्हा तिथेच याल.

फॉल्टचा मजकूर क्लायंटला हवाच असेल तर दोन वाटा आहेत. सर्व्हरवर एक बिहेवियर लिहून फॉल्टसोबत २०० पाठवा, किंवा तिसऱ्या आवृत्तीपासून आलेली सिल्वरलाइटची स्वतःची क्लायंट एचटीटीपी यंत्रणा वापरा.

दुसऱ्या डोमेनवरच्या सर्व्हिसला हाक मारताना ‘सिक्युरिटी एरर’ येते, ती गोष्ट वेगळी. सिल्वरलाइट आधी त्या डोमेनच्या मुळाशी ‘क्लायंटॲक्सेसपॉलिसी.एक्सएमएल’ ही परवानगीची फाइल शोधतं, ती नसली तर फ्लॅशची ‘क्रॉसडोमेन.एक्सएमएल’. नेहमीची चूक म्हणजे ही फाइल ॲप्लिकेशनच्या फोल्डरात ठेवणं. ती डोमेनच्या अगदी मुळाशीच हवी. पोर्ट बदललं तरी डोमेन बदललं असं धरलं जातं, त्यामुळे डेव्हलपरच्या यंत्रावरही हा त्रास होतो. आणि चाचणीचं पान फाइल म्हणून डबल क्लिक करून उघडू नका. तसं उघडलं की ते एचटीटीपी सर्व्हिसला हात लावू शकत नाही.

उत्तर येण्याआधीच ते वापरणं

सिल्वरलाइटमध्ये नेटवर्कचा प्रत्येक कॉल असिंक्रोनस असतो, म्हणजे उत्तराची वाट न बघता कोड पुढे जातो, दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. डेस्कटॉपवरून आलेला माणूस एका ओळीत ग्राहकांची यादी मागवतो आणि पुढच्याच ओळीत ती ग्रिडला देतो. यादी रिकामी, कारण उत्तर अजून वाटेत आहे. मग तो हुशारी करून मॅन्युअलरिसेटइव्हेंट लावतो आणि उत्तराची वाट पाहत यूआय थ्रेड (पडदा चालवणारा थ्रेड) अडवतो. आता ब्राउझरच गोठतो. उत्तर त्याच थ्रेडमधून यायचं असतं आणि तो तर वाट बघत उभा आहे. ग्रिड भरायचा कोड कम्प्लीटेड इव्हेंटच्या आत टाका. कॉलवर कॉल रचून कोड वाचेनासा झाला असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट.बीसीएल.असिंक’ हे पॅकेज चौथ्या-पाचव्या आवृत्तीवर चालतं, मग असिंक-अवेट लिहिता येतं.

‘इन्व्हॅलिड क्रॉस-थ्रेड ॲक्सेस’ आलं की कोणीतरी पार्श्वभूमीच्या थ्रेडमधून पडद्याला हात लावलाय. वेबक्लायंट यूआय थ्रेडवरून वापरला तर उत्तर तिथेच परत आणून देतो. एचटीटीपीवेबरिक्वेस्ट देत नाही, तिथे ‘डिस्पॅचर.बिगिनइन्व्होक’ स्वतः लिहावं लागतं.

बाइंडिंग गप्प राहून फसतं

बाइंडिंग म्हणजे पडद्यावरची जागा डेटाच्या फील्डशी नावाने जोडणं. ते नाव चुकलं तरी ॲप्लिकेशन पडत नाही, फक्त जागा रिकामी राहते. आउटपुट विंडो उघडी ठेवायची सवय लावून घ्या, ‘बाइंडिंगएक्स्प्रेशन पाथ एरर’ तिथेच छापली जाते. डब्ल्यूपीएफवरून (झॅमलवरच चालणाऱ्या डेस्कटॉपच्या तंत्रावरून) येणाऱ्यांसाठी खास सांगतो: तिथे टेक्स्टबॉक्सचं बाइंडिंग आपोआप दोन्ही बाजूंनी चालतं, सिल्वरलाइटमध्ये ते डीफॉल्टने एकाच बाजूने चालतं. माणूस फॉर्म भरतो, सेव्ह दाबतो, आणि जुनंच नाव जतन होतं. ‘मोड’ टूवे करा. शिवाय भरलेला मजकूर फोकस हलल्यावरच मॉडेलमध्ये जाते, प्रत्येक अक्षरागणिक पाठवायची सोय पाचव्या आवृत्तीत आली. ॲनॉनिमस टाइपला बाइंड करायला जाऊ नका, प्लग-इनच्या सुरक्षेच्या नियमांमुळे ते वाचलं जात नाही. पब्लिक क्लास करा.

दोन छोट्या गोष्टी. लिस्टबॉक्स स्टॅकपॅनेलमध्ये ठेवला की त्याला हवी तेवढी उंची मिळते. मग स्क्रोलबार दिसत नाही, हजारो ओळी एकदम तयार होतात आणि पान जड होतं. त्याला ग्रिडच्या ओळीत ठेवा. आणि आयसोलेटेड स्टोरेजची (ॲप्लिकेशनला वापरणाऱ्याच्या यंत्रावर डेटा ठेवायला मिळणाऱ्या जागेची) ब्राउझरमधली डीफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे. वाढवायची विनंती बटणाच्या क्लिकमधूनच करता येते, ॲप्लिकेशन सुरू होताना केली तर ती नाकारली जाते.

नव्या घरी नेताना

ओपनसिल्वर हा मुक्तस्रोत प्रकल्प ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्या आवृत्तीला पोचला. सी शार्प आणि झॅमल बरंचसं तसंच ठेवून तो वेबअसेम्ब्लीवर, म्हणजे ब्राउझरमध्येच असलेल्या सोयीवर, चालवतो, प्लग-इन लागत नाही. नीट असिंक्रोनस लिहिलेला कोड तिथे सहज रुळतो. पण पॉलिसीची फाइल सोबत नेऊन काही होत नाही. आता विचारणारा खुद्द ब्राउझर असतो आणि त्याला कॉर्सचे (दुसऱ्या डोमेनला परवानगी देण्याच्या ब्राउझरच्या पद्धतीचे) हेडर लागतात. ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ सर्व्हिसच्या सर्व्हरवरूनच जायला हवा, तो क्लायंटच्या प्रोजेक्टमध्ये कुठेही लिहून चालत नाही.