पूरमदतीला निघालात? आधी स्वतःचं बघा
२०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात पूर आला तेव्हा मदतीला गेलेली कितीतरी पोरं चपलेवरच चिखलात उतरली, तसलं काही करू नका. गमबूट हवेतच, पायाला चीर असेल तर वॉटरप्रूफ पट्टी, आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा तापाचा आजार) होऊ नये म्हणूनची डॉक्सीसायक्लिन गोळी डॉक्टरला विचारूनच, मेडिकलवाल्याला नाही. घरात शिरायच्या आधी मेन स्विच बंद आहे का बघा, मग काठीने भांड्यांची मांडणी ठोका, साप बऱ्याचदा तिथंच वेटोळं घालून बसलेला असतो. एकट्याने जायचंच नाही. लोकांचं रडणं ऐकून रात्री झोप उडते (माझी उडाली होती), तेव्हा टीममध्ये कुणाशी तरी बोला, एक दिवस सरळ सुट्टी घ्या. घरी आल्यावर ताप आला, पोटऱ्या ठणकल्या तर पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरला आधी सांगा.