लेड एकच ठेवा, मग पेन्सिली बदला

मेकॅनिकल पेन्सिली, म्हणजे आत लेडची कांडी घालून चालवायच्या, जमवायला लागलेला माणूस पहिल्या महिन्यातच म्हणतो, ‘ही काय स्मूद चालते हो!’ स्मूद चालते ती लेड, आणि कौतुक होतं पेन्सिलीचं. दुकानात दोन पेन्सिली चालवून बघितल्या, एकीत जपानी लेड होती, दुसरीत कुठली तरी जुनाट, की झाला निकाल. ही तुलना नव्हे. म्हणून संग्रह सुरू करायचा तर पहिली खरेदी पेन्सिलीची करू नका, लेडची करा.

मी भोसरीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. बोर्ड, ड्राफ्टर, ट्रेसिंग पेपर आणि खिशात क्लच पेन्सिल (जबड्यात जाड लेड धरणारी), हे आमचं रोजचं. कॉम्प्युटर आले, बोर्ड भंगारात गेले, आणि पेन्सिलींचा नाद तिथून लागला. त्यामुळे माझी मतं बोर्डावरच्या माणसाची आहेत. वहीत लिहिणाऱ्याला काही ठिकाणी ती पटणार नाहीत.

तर लेड. एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या, एचबीच्या दोन-तीन नळ्या घ्या आणि त्यावर ‘तुलनेसाठी’ अशी चिठ्ठी लावून टाका. कंपनी कुठलीही चालेल, पण नंतर बदलायची नाही. कारण एचबी म्हणजे सगळीकडे सारखी एचबी नसते. जपानी एचबी साधारणपणे युरोपियन एचबीपेक्षा काळी आणि मऊ लागते. साइजचंही तसंच. ०.५ची लेड मायक्रोमीटरमध्ये धरून बघा, ०.५६च्या आसपास भरेल. ०.३ची ०.३८ भरते. नळीवरचा आकडा हे तिचं नाव, माप नव्हे.

आणि बारीक लेडची तुलना २ मिलिमीटरच्या लेडशी करायला जाऊ नका. क्लचमधली जाड लेड ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र करून भट्टीत भाजलेली असते, लाकडी पेन्सिलीसारखीच. तीच कृती ०.५ला वापरली तर लेड बोट लावताच मोडेल. म्हणून बारीक लेडमध्ये मातीच्या जागी पॉलिमर असतं. पेंटेलने ही लेड १९६० साली आणली आणि आजच्या सगळ्या मायक्रोटिप पेन्सिली तिच्यावर उभ्या आहेत. तेव्हा ‘क्लचची रेघ वेगळी दिसते’ हे बरोबर आहे, पण तो क्लचचा गुण नाही, मातीचा आहे.

आता काय जमवायचं. कुठलाही एक धागा धरा: फक्त ०.५च्या ड्राफ्टिंग पेन्सिली, किंवा फक्त २ मिमीच्या क्लच, किंवा एकाच कंपनीची सगळी मॉडेलं. दिसेल ते घेत गेलात तर वर्षभरात डबा भरतो आणि शेजारी ठेवून बघण्यासारखं त्यात काहीच नसतं. सुरुवातीला मी तीन सुचवीन. पेंटेल पी२०५ म्हणजे मोजपट्टी. साधारण ९ ग्रॅमची प्लास्टिकची, दिसायला गरीब, आणि दशकं झाली तरी जवळपास तशीच. रॉटरिंग ६०० हे दुसरं टोक: पितळेची षटकोनी, वीस ग्रॅमच्या वर. आणि क्लचमध्ये स्टेडलरची मार्स टेक्निको किंवा कोहिनूरची व्हर्सटिल ५९००. जीवावर उदार होऊन खर्च करायचा असेल तर कारान दाशची फिक्सपेन्सिल आहे. १९२९पासून जिनिव्हात बनते आणि हातात घेतली की किमतीबद्दलची तक्रार निम्मी होते. निम्मीच.

तुलना करायला बसाल तेव्हा एका बैठकीत एकच गोष्ट तपासा. आधी नळी, म्हणजे टोकाशी लेड जिच्यातून बाहेर येते ती बारीक नळी, हलते का ते बघायचं. लेड अर्धा मिलिमीटर बाहेर काढा, टोक कागदावर टेकवा आणि पेन्सिल डावी-उजवीकडे हलकेच दाबा. आत ‘टिक’ असा बारीक आवाज आला किंवा बोटाला खेळ जाणवला तर नळी सैल आहे. ड्राफ्टिंग पेन्सिलीत हा खेळ जवळजवळ शून्य हवा. ज्यांची नळी आत-बाहेर सरकते त्यांच्यात थोडा असणारच, तो दोष धरू नका. नळीची लांबीही मोजा. ड्राफ्टिंगच्या पेन्सिलीत ती ४ मिमी असते, कारण पट्टीची कड जाड असली तरी नळी तिला घासून सरळ जायला हवी आणि टोक दिसायला हवं. याच नळ्या शर्टाच्या खिशाला भोकं पाडतात आणि खाली पडल्या की वाकतात.

मग दहा क्लिक करून बाहेर आलेली लेड पट्टीवर मोजा. हे दोनदा करा. आकडा दोन्ही वेळा सारखा यायला हवा. किती आला हे नंतरचं. पुढे लेड संपत आली की शेवटचा तुकडा किती लांबीचा असताना पकड सुटते तेही टिपून ठेवा. ६० मिमीच्या लेडमधला सेंटिमीटरभर तुकडा दर वेळी फेकून द्यावा लागत असेल तर ती पेन्सिल खर्चीक आहे, दुकानात कितीही स्वस्त मिळालेली असो.

वजनापेक्षा तोल महत्त्वाचा. पेन्सिल पट्टीच्या धारेवर आडवी ठेवा, जिथे तोलून राहते ती जागा टोकापासून किती अंतरावर आहे ते मोजा. जड पेन्सिल पुढच्या बाजूला तोललेली असेल तर तिचं वजनच रेघ ओढतं आणि बोटांना काम कमी पडतं. मागे जड असेल तर तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. रॉटरिंगचा दरारा मला मान्य आहे, पण दिवसभर लिहायला मी पी२०५च उचलतो.

आता खरी परीक्षा, झिजेची. जाडसर ड्रॉइंग शीटवर पट्टी धरून १०० मिमीच्या दहा रेघा मारा, पेन्सिल अजिबात न फिरवता. पहिली आणि दहावी भिंगाखाली बघा. दहावी जाड असणार, एका बाजूला तिची कड फिस्कटलेली. मग पुन्हा दहा, या वेळी रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवत. इंजिनिअरिंगला शीट मारलेल्यांना (जीटी, म्हणजे काचेवर दुसऱ्याची शीट ठेवून ट्रेस मारलेल्यांना नव्हे) हे फिरवणं आठवत असेल. क्लचमध्ये ते आलंच पाहिजे, नाहीतर २ मिमीचं अणकुचीदार टोक दोन रेघांत बसतं.

युनी या जपानी कंपनीने २००८ साली कुरु टोगा ही पेन्सिल आणली ती हेच काम यंत्राकडे देऊन. टोक कागदावर टेकलं की लेड किंचित वर दबते आणि आतलं दातेरी चक्र तिला थोडं फिरवतं. पहिल्या मॉडेलमध्ये साधारण चाळीस वेळा टेकलं की एक फेरा पूर्ण. म्हणजे ती फिरते हात उचलण्यावर. देवनागरी लिहिताना आपण अक्षरागणिक दोन-तीनदा हात उचलतो, त्यामुळे मराठी वहीत ती झकास चालते. तीच ओळीभर शिरोरेघ एका दमात ओढा, सबंध रेघेत फक्त एकदा सरकेल. मोडी शिकणाऱ्या मंडळींना तर मी ती सुचवणारच नाही. जिथे हात उचलायचाच नाही तिथे चक्र काय फिरणार? बोर्डावरच्या लांब रेघांनाही ती उपयोगाची नाही. शिवाय लेड दबते तेव्हा काहींच्या बोटांना टोक मऊ लागतं. हा दोष नाही, तिची रचनाच तशी.

क्लचची तपासणी वेगळी. बटण दाबलं की जबडा उघडतो आणि बऱ्याच क्लचमध्ये आख्खी लेड सुटून खाली येते, म्हणून टोकाखाली हात ठेवूनच दाबा. नवखी मंडळी १३ सेंटिमीटरची नवी लेड फरशीवर पाडतात आणि तिचे चार तुकडे गोळा करतात. जबडा घट्ट आहे का बघायला लेड थोडी बाहेर काढून टोक कागदावर जोरात दाबा. ती आत सरकली तर जबडा झिजलाय किंवा आत भुकटी साचलीय. कोरड्या ब्रशने झाडून पुन्हा बघा, तेल मात्र घालू नका. टोक करायला शार्पनर बटणातच असला तरी तो प्रवासापुरता. घरी गोल फिरवायचा लेड पॉइंटर घ्या, आणि टोक झाल्यावर कापसाने पुसा. ती न पुसलेली भुकटी शीटवर पसरली की खोडरबराचंही काही चालत नाही.

या सगळ्याची नोंद एका वहीत ठेवा, एका पेन्सिलीला एक पान. नाव, वजन, तोल, दहा क्लिक, आणि खाली त्याच पेन्सिलीने लिहिलेला एकच ठरलेला मजकूर. माझा ‘क्षितिज, ज्ञानेश्वर, ऋण, ढग’ असा आहे. क्षच्या आणि ज्ञच्या गाठी मिटल्या की टोक किती बसलंय ते लगेच कळतं. एक सांगतो, जून ते सप्टेंबर या नोंदी करू नका. दमट कागद मऊ पडतो, एच आणि २एचच्या कडक लेड त्यात चर पाडतात, आणि तुम्ही उगाच पेन्सिलीला नावं ठेवता. वहीचा कागदही एकाच गठ्ठ्यातला हवा.

जुना माल हवा असेल तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. बंद पडलेल्या ऑफिसांच्या कंपासपेट्या तिथे अधूनमधून येतात, त्यांत क्लच असतात. जाताना खिशात ०.५ आणि २ मिमीची एकेक लेड ठेवा. रबरी ग्रिप चिकट झाली असेल तर घेऊ नका, ती पुढे आणखी पाघळते. पितळेवर हिरवट डाग असला तर हरकत नाही. नळी डोळ्यांसमोर आडवी धरून फिरवा. वाकडी असेल तर लगेच लचकताना दिसते, आणि सरळ करायला गेलात की मोडते. नळीत काही अडकलंय असं वाटलं तर गिटारची सगळ्यात बारीक तार आत जाते का बघा. शेवटी आपली लेड घालून पंचवीस-तीस क्लिक करा. विक्रेता ‘साहेब, चालतीये ना’ म्हणत घाई करेल. करू दे. भाव त्यानंतर बोला.